पत्ता : मार्फत सरकार

गेल्या वर्षी दिवाळीला महिनाभर असताना सातारा जिल्ह्यातल्या एका काकूंचा मला फोन आला. त्यांची मुलगी इकडे कॅलिफोर्नियात असते, माझ्या ओळखीची. काकूंचा आवाज चढलेला होता आणि त्याच्या तळाशी रडू होतं. “अगं, फराळाचा डबा पाठवायचाय. पोरीकडे पत्ता मागितला तर तिनं काय दिलं ठाऊक आहे? त्यात घरच नाही! नुसता पेटीचा नंबर आणि पुढे सॅक्रामेंटो. ती काय सॅक्रामेंटोला राहते होय? आईलासुद्धा घर सांगायचं नाही म्हणजे मी काय समजायचं?”

मुलगी बरोबर वागत होती. नवऱ्याच्या मारहाणीतून ती नुकती बाहेर पडली होती. तिने दिलेला पत्ता खोटा नव्हता, तो तिला राज्य सरकारने दिला होता. मी काकूंना पाऊण तास समजावत बसले. शेवटी त्या म्हणाल्या, “असंही सरकार करतं?” हा प्रश्न मला त्यानंतर आणखी दोघी-तिघींनी विचारला, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे. मुलीची ओळख पटेल असं यात काही सापडणार नाही.

## पत्ता किती वह्यांमध्ये असतो?

आपल्याला वाटतं, पत्ता आपल्याजवळ असतो. प्रत्यक्षात तो दुसऱ्यांच्या वह्यांमध्ये असतो. अमेरिकेत गाडीचा परवाना काढला की एका वहीत, मतदार म्हणून नाव घातलं की दुसऱ्या, मुलाला शाळेत घातलं की तिसऱ्या. घर विकत घेतलं तर खरेदीखताची नोंद काउंटीच्या कचेरीत होते आणि ती कोणालाही पाहता येते. नवऱ्यापासून संरक्षण मागायला कोर्टात अर्ज करावा, तर त्या अर्जावरही पत्त्याचा रकाना असतो.

यातल्या बऱ्याच नोंदी सार्वजनिक असतात. त्यामागचा विचार चांगला आहे. जमीन कोणाची, मतदार खरा की बोगस, हे लोकांना तपासता यायला हवं. पण ज्या खिडकीतून प्रामाणिक माणूस डोकावतो, तिच्यातूनच पाठलाग करणाराही डोकावतो.

१८ जुलै १९८९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रेबेका शेफर या २१ वर्षांच्या अभिनेत्रीला तिच्याच घराच्या दारात गोळी घातली गेली. मारणारा तिचा पिच्छा पुरवत होता. त्याने एका खाजगी गुप्तहेराला पैसे दिले, आणि त्या गुप्तहेराला तिचा पत्ता मिळाला तो कॅलिफोर्नियाच्या वाहन खात्याच्या नोंदींतून. कुठेही चोरी करावी लागली नाही, त्या काळी तो पत्ता असा मिळत असे. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने पाठलागाला गुन्हा ठरवणारा कायदा केला, अमेरिकेतला असा पहिला. १९९४ मध्ये वाहन खात्याच्या नोंदी अशा वाटण्यावर देशभर बंधनं आली.

पण वाहन खातं ही शंभरातली एक वही. बाकीच्या नव्याण्णवांचं काय?

## ‘मार्फत’ची जुनी युक्ती

हे काकूंना कसं सांगावं, असा विचार करताना मला एकदम ‘मार्फत’ आठवलं. मुंबईला नोकरीला आलेल्या माणसाचा स्वतःचा ठिकाणा नसायचा. मग गावाहून येणाऱ्या पत्रावर लिहायचे : अमुक तमुक, मार्फत अमक्यांचं दुकान. पोस्टमन पत्र दुकानात टाकायचा. हा पोरगा रात्री कुठल्या खोलीत पथारी टाकतो, ते पोस्टमनला कळायचं कारणच नव्हतं. दुकानदाराला तेवढं ठाऊक असायचं.

“म्हणजे सरकार दुकानदार झालं,” काकू म्हणाल्या. अगदी तसंच.

वॉशिंग्टन राज्याने १९९१ मध्ये अशी योजना पहिल्यांदा सुरू केली. आता अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती आहे. कॅलिफोर्नियात तिचं नाव ‘सेफ ॲट होम’, आणि ती १९९९ पासून चालू आहे. तपशील राज्याराज्यांत बदलतात, गाभा एकच : सरकार पीडितेला एक पर्यायी पत्ता देतं. तो बहुधा राजधानीतल्या टपालपेटीचा असतो आणि योजनेतल्या सगळ्यांना तोच असतो. राज्यातल्या सरकारी कचेऱ्यांनी घराच्या पत्त्याच्या जागी तो स्वीकारायचा, असं कायदाच सांगतो. त्या पेटीत आलेलं टपाल योजनेचे कर्मचारी नव्या पाकिटात घालून किंवा नवी चिठ्ठी डकवून तिच्या खऱ्या घरी पाठवतात. खरा पत्ता फक्त त्या कचेरीत राहतो. पीडितेला एक पैसाही द्यावा लागत नाही.

बऱ्याच राज्यांत हे काम ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’च्या कचेरीकडे असतं. बातम्यांमुळे आपल्याला हा शब्द परराष्ट्रमंत्र्यासाठी ठाऊक असतो. राज्याच्या पातळीवर मात्र तो वेगळा अधिकारी असतो, निवडणुका आणि कंपन्यांच्या नोंदी सांभाळणारा. टेक्सासमध्ये हीच योजना ॲटर्नी जनरलकडे आहे.

नोंदणी झाली की एक कार्ड मिळतं. मी ते हातात घेऊन पाहिलं आहे. त्यावर नाव, पर्यायी पत्ता आणि मुदत असते, बाकी विशेष काही नाही. एका सार्वजनिक ग्रंथालयात मी काकूंच्या लेकीबरोबर गेले होते. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “पेटी नंबर चालत नाही, घराचा पत्ता लागेल.” हिने काही न बोलता ते कार्ड पुढे सरकवलं. त्या मुलीने ते उलटसुलट करून पाहिलं आणि आतल्या साहेबांना बोलावलं. त्यांनी वाचून मान डोलावली. दहा मिनिटांत ग्रंथालयाचं कार्ड तयार झालं. त्या दहा मिनिटांत हिचा कार्ड धरलेला हात थरथरत होता, आणि मागे रांगेत उभे असलेले लोक उसासे टाकत होते. कायदा कितीही स्पष्ट असला, तरी काउंटरवर तो दरवेळी तिलाच उभं राहून मिळवावा लागतो.

मतदानही सुटत नाही. अशा मतदारांची नोंद वेगळी, गुप्त ठेवतात आणि मतपत्रिका टपालाने येते.

## आत शिरायचं कसं?

ही योजना फक्त नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांसाठी नाही. पाठलाग, लैंगिक अत्याचार, मानवी तस्करी यांतले पीडितही बहुतेक राज्यांत बसतात. पुरुषही बसतात. घरातल्या मुलांची नावंही घालता येतात.

अर्ज सहसा थेट कचेरीत टाकायचा नसतो. पीडितांसोबत काम करणाऱ्या संस्थेतली प्रशिक्षित समुपदेशक समोर बसून तो भरून घेते. ही अडवणूक वाटेल, पण त्यात शहाणपण आहे. नुसता पत्ता लपवून कोणी सुरक्षित होत नाही. फोनवर पाळत आहे का, बँकेचं खातं अजून जोडीचं आहे का, मुलांना शाळेतून कोण आणू शकतं, हे सगळं त्या बैठकीत निघतं.

सगळ्यात महत्त्वाची अट मात्र लोकांना उशिरा कळते. योजना नवीन घर लपवते, जुनं नाही. जे घर त्याला आधीच ठाऊक आहे, ते कुठलंही सरकार लपवू शकत नाही. म्हणून घर बदलायच्या आधी किंवा बदलल्याबरोबर अर्ज करावा. नवीन घरात गेल्यावर विजेची जोडणी घेतली, बँकेत पत्ता बदलला, ऑनलाइन सामान मागवलं आणि मग दोन महिन्यांनी अर्ज केला, तर तोवर नवा पत्ता निम्म्या वह्यांत शिरलेला असतो. तिथून तो परत काढता येत नाही.

कॅलिफोर्नियात नोंदणी चार वर्षं चालते, मग नव्याने करावी लागते. मधे घर बदललं आणि कळवलं नाही, तर नाव काढून टाकतात. दुकानदाराला न सांगता खोली बदलली, तर तो पत्र कुठे पाठवणार?

## मग कर्जबुडवे आणि गुन्हेगारही लपतील की!

हा प्रश्न रास्त आहे आणि कायदा करणाऱ्यांनाही तो पडला होता. उत्तर त्या ‘मार्फत’मध्येच आहे. या योजनेत येणारी व्यक्ती त्या कचेरीला स्वतःच्या वतीने कोर्टाची कागदपत्रं स्वीकारायचा अधिकार देते. म्हणजे समन्स तिथे पोचलं की कायद्याच्या दृष्टीने तिला मिळालं. सावकार असो, घरमालक असो, दावा लावायला कोणालाही आडकाठी नाही. ‘मला नोटीस मिळालीच नाही’ ही पळवाट तिलाच उरत नाही.

पोलीस तपासासाठी किंवा कोर्टाच्या आदेशाने खरा पत्ता उघड करता येतो. अर्ज शपथेवर असतो, खोटं लिहिलं तर शिक्षा आहे. आणि खरं सांगायचं, तर ज्याला कायद्यापासून पळायचं आहे, तो आपला खरा ठिकाणा लिहून द्यायला सरकारी कचेरीची पायरी कशाला चढेल?

## आणि बापाने मुलांना भेटायचं नाही?

काकूंनी हेही विचारलं होतं, दबक्या आवाजात. त्यांच्या मनात जावयाबद्दल राग होता, पण नातवाला बाप नसावा असं त्यांना वाटत नव्हतं.

या योजनेत नाव घातल्याने मुलांच्या ताब्याचा किंवा भेटीचा कोर्टाचा आदेश बदलत नाही. शनिवारी भेट ठरली असेल तर ती द्यावीच लागते. फक्त ती घराच्या दारात द्यायची गरज नाही. पोलीस ठाण्याच्या दर्शनी भागात किंवा देखरेखीखाली भेटी घडवणाऱ्या केंद्रात मुलं सोपवता येतात. कोर्टासमोर आपली बाजू मांडायचा बापाचा हक्कही शाबूत राहतो.

## भिंत कुठे संपते

ही योजना म्हणजे कवच नव्हे, हे मी प्रत्येकीला बजावून सांगते. तिच्या कडा ठाऊक नसतील, तर खोटा धीर येतो, आणि तो भीतीपेक्षा वाईट.

पहिली कड : हा राज्याचा कायदा आहे. केंद्र सरकारच्या खात्यांवर तो बंधनकारक नाही. बँकांचा गोंधळ २००९ मध्ये सुटला. ग्राहकाची ओळख पटवण्याच्या नियमांत हा पर्यायी पत्ता चालेल, असं अर्थखात्याच्या संबंधित विभागाने स्पष्ट केलं. विमानप्रवासाला लागणाऱ्या ‘रिअल आयडी’च्या नियमांतही अशा लोकांना सूट आहे. आपल्या मुलींसाठी खरी गुंतागुंत व्हिसाची. परदेशी नागरिकाने घर बदललं की दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवायचं असतं, आणि नवरा-बायकोचे अर्ज तर एकमेकांना जोडलेले असतात. मारहाण सोसलेल्या जोडीदारांच्या ठराविक अर्जांची माहिती गुप्त ठेवणारा वेगळा केंद्रीय कायदा आहे. तो आपल्याला लागू होतो का, हे इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारावं. मैत्रिणीच्या सल्ल्यावर, माझ्यासुद्धा, इथे भिस्त ठेवू नये.

दुसरी कड खाजगी कंपन्यांची. मिनेसोटाचा कायदा कडक आहे, तिथे हा पत्ता कोणीही नाकारू शकत नाही. बाकी बऱ्याच राज्यांत दुकानं, विमा कंपन्या, फोन कंपन्या यांच्यावर सक्ती नाही. विनंती करायची आणि मानतील तर मानतील. पार्सलंही सहसा पुढे पाठवत नाहीत, फक्त पत्रं. पत्रांनाही काही दिवस जास्त लागतात, त्यामुळे बिलाची तारीख हुकते आणि दंड बसतो.

घर विकत घेणं तर फारच जिकिरीचं. खरेदीखतावर नाव आणि जागा दोन्ही येतात. म्हणून यातल्या कितीतरी जणी ऐपत असूनही वर्षानुवर्षं भाड्याने राहतात.

आणि मग येतात माहितीचे दलाल. मतदार याद्या, जमिनीच्या नोंदी, दुकानांच्या याद्या, वर्गण्या असं जिथून मिळेल तिथून गोळा करून माणसाचा पत्ता चार पैशांत विकणाऱ्या या कंपन्या. त्यांच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की जुनी घरं, नातेवाईक, फोन सगळं समोर येतं. १९८९ मध्ये गुप्तहेर लागला होता, आता तोही लागत नाही. जून २०२५ मध्ये मिनेसोटातल्या आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या पतींची त्यांच्या राहत्या घरी हत्या झाली. आरोपीच्या वह्यांमध्ये अशा माणूस शोधून देणाऱ्या संकेतस्थळांची यादी होती, असं तपास यंत्रणेने कोर्टात सांगितलं. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केला, त्याने एकाच अर्जात सगळ्या नोंदणीकृत दलालांना ‘माझी माहिती पुसा’ सांगायची सोय केली. पर्यायी पत्ता घेतलेल्या प्रत्येकीने हे दुसरं काम लगेच करावं.

शेवटची कड घरातच असते. मुलाच्या टॅबलेटवर बापाचंच खातं चालू राहिलेलं असतं. गाडीत कुठेतरी चपटं, नाण्याएवढं माग काढणारं यंत्र चिकटवलेलं असतं. मावशीने फेसबुकवर टाकलेल्या वाढदिवसाच्या फोटोत मागे शाळेची पाटी दिसते. कोणतीही कचेरी हे थांबवू शकत नाही.

## पण लपायचं तिनेच का?

काकूंचा आवाज इथे तुटला. “मारलं त्यानं, आणि तोंड लपवायचं माझ्या पोरीनं?”

याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ही योजनाही ते देत नाही. त्याला शिक्षा करणं हे पोलिसांचं आणि कोर्टाचं काम, त्याला वर्ष लागतं, कधी तीन लागतात. त्या काळात तिला रोज रात्री झोपायचं असतं. आणि मला असंही वाटतं की प्रत्येक खिडकीवर पत्ता मागतं ते सरकारच. तो दिल्याशिवाय ना परवाना, ना शाळा, ना मत. मग तो पत्ता जिवावर बेतणार असेल, तर तो राखायचं कामही सरकारचंच आहे. यात तिच्यावर मेहेरबानी काही नाही.

## आपल्याकडे काय आहे?

भारतात अशी ‘मार्फत’ योजना नाही. तुकडे आहेत. बलात्कार पीडितेची ओळख जाहीर करणं हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड विधानाच्या कलम २२८-अ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखालचे नियम सांगतात, की आश्रयगृहातल्या स्त्रीने म्हटलं तर ती तिथे आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही. साक्षीदारांसाठी २०१८ ची योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ५ डिसेंबरला ती देशभर लागू केली. तीत ओळख लपवणं, दुसरीकडे हलवणं असे उपाय आहेत. पण ती खटल्यातल्या साक्षीदारांसाठी, आणि संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंतचं. आश्रयगृहातून बाहेर पडून भाड्याची खोली घेणाऱ्या, साक्ष संपलेल्या किंवा तक्रारच न केलेल्या बाईला यातलं काही पुरत नाही.

तिच्या पिशवीत आधार कार्ड असतं, त्यावर पूर्ण पत्ता छापलेला. ‘मास्क्ड’ आधार काढलं तर नंबरातले पहिले आठ आकडे झाकले जातात, पत्ता तसाच राहतो. त्याची झेरॉक्स ती सिमकार्डाच्या दुकानात देते, लॉजवर देते, नव्या घरमालकाला देते. मतदार यादीत नावापुढे नवऱ्याचं नाव आणि घर क्रमांक असतो, आणि यादी सार्वजनिक असते. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करू पाहणाऱ्या जोडप्याची नोटीस पत्त्यासकट कचेरीत लावली जाते, तीस दिवस हरकतींसाठी. घरच्यांच्या धाकाने पळालेल्यांसाठी हे तीस दिवस काय असतात, ते वेगळं सांगायला नको.

आज भारतात कोणाला मदत हवी असेल, तर महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२, जिल्ह्यातलं ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आणि संरक्षण अधिकारी, इथून सुरुवात होते. अमेरिकेत असाल, तर आपल्या भाषा आणि आपली घरं समजणाऱ्या संस्था आहेत. न्यू जर्सीतली ‘मानवी’ १९८५ पासून, सॅन फ्रान्सिस्को परिसरातली ‘मैत्री’ १९९१ पासून काम करते आहे. पर्यायी पत्त्यासाठी कुठे जायचं, हे त्या सांगतात.

## फराळाचं काय झालं?

काकूंच्या गावातच जावयाचे मामा राहतात. मुलीने पत्ता का दिला नाही, त्याचं सगळ्यात मोठं कारण हे. काकू मुद्दाम कोणाला सांगणार नव्हत्या. पण कुरिअरवाल्याच्या काउंटरवर त्या तो मोठ्याने वाचून दाखवणार होत्या, पावती घरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवणार होत्या, आणि मामांचं घरात येणं-जाणं होतं.

पार्सल पर्यायी पत्त्यावर चाललं नसतं, म्हणून मी माझ्या ऑफिसचा पत्ता दिला. खोक्यावर लेकीचं नाव कुठेही लिहायचं नाही, हे तीनदा सांगितलं. आधी त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “बरं. तुझं नाव सावकाश सांग, इंग्रजीत लिहून घ्यायचंय.”

खोकं दिवाळीनंतर आठ दिवसांनी आलं. बाहेर, पावतीवर, सगळीकडे माझंच नाव. आत चकल्यांचा चुरा झाला होता. बेसनाच्या लाडवांच्या पिशवीवर मात्र काकूंनी स्केचपेनने तिचं घरातलं नाव लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत.